इंजिनाला गोडं पाणी दिल्याशिवाय घरी जाऊ नका



या पानावर मी एरवी माड, सुपारी, भात, खत, फवारणी याबद्दल लिहितो. आज होडीच्या इंजिनाबद्दल लिहितोय. शेतीच्या पानावर इंजिन कशाला, असं कोणी विचारेल. पण ज्यांची बाग खाडीतल्या जुव्यावर आहे त्यांना विचारायची गरज पडणार नाही. आमच्या कालावल खाडीच्या बाजूला काय किंवा तिकडे कर्लीच्या खाडीत काय, अशा लोकांसाठी होडी म्हणजे बैलगाडी आणि इंजिन म्हणजे बैल. खताची पोती होडीतून जातात, नारळ होडीतून येतात, पाडेली आणि गडीमाणसं होडीतून येतात-जातात. जुव्यावर राहणाऱ्यांची शाळेची पोरं आणि आजारी माणसंसुद्धा होडीतूनच. तेव्हा आउटबोर्ड इंजिन हे आमच्यासाठी शेतीचंच अवजार आहे, पंप आणि पॉवर टिलरसारखं.

माझं मत सरळ आहे. खाऱ्या पाण्यात चाललेलं इंजिन काम संपल्यावर गोड्या पाण्याने आतून धुतलंच पाहिजे. धुणं हे मालकाचं काम, त्यात सबब चालणार नाही. पण त्यासाठी लागणारं पाणी धक्क्यावर असणं हे गावाचं काम आहे. दोन्ही ठिकाणी आपण ढिले आहोत. म्हणून हे लांबलचक लिहितोय, जरा सवडीने वाचा.

आधी "आतून" म्हणजे काय ते सांगतो, कारण बरेच जण बाहेरून दोन तांबे पाणी मारतात आणि धुतलं म्हणतात.

गाडीच्या इंजिनाला रेडिएटर असतो. त्यातलं पाणी तेच तेच फिरतं. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. ते ज्या पाण्यात चालतं तेच पाणी ओढून घेतं. खाली पंख्याच्या वर, गिअरच्या भागाला जाळी असते, तिथून पाणी आत शिरतं. त्याच्या वर रबराच्या पात्यांचा एक छोटा पंप असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाणी नळीतून वर ढकलतो. ते पाणी सिलिंडरच्या भोवतीच्या पोकळीतून फिरतं, उष्णता घेतं आणि धुराबरोबर खाली बाहेर पडतं. त्यातलीच एक बारीक धार मागे किंवा बाजूला बाहेर पडताना दिसते. आमच्याकडे पोरं म्हणतात, "मुतता काय बघ रे." ती धार दिसली म्हणजे पंप चालू आहे.

आता विचार करा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीत ओहोटीला आणि पावसात कमी, पण मार्च-एप्रिल-मे महिन्यांत आमच्या खाडीत ते समुद्राच्या जवळपास जातं. हे पाणी तापलेल्या सिलिंडरभोवती फिरतं. इंजिन बंद केलं की बरंचसं पाणी खाली निथळतं, पण कोपऱ्याकापऱ्यात, बारीक वाटांत थोडं राहतंच. इंजिन अजून गरम असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.

ही गोष्ट खारभूमीवाल्या शेतकऱ्याला वेगळी शिकवायला नको. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी भाताच्या मळ्यात शिरतं. उघाडीतून पाणी काढून टाकलं तरी शेत बरं होत नाही. पाणी गेलं, मीठ राहिलं. मग पुढचे दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्याने ते मीठ धुऊन जायची वाट बघावी लागते. इंजिनाच्या आत तेच होतं, फरक एवढाच की तिथे पाऊस पडत नाही. तिथला पाऊस आपणच पाडायचा.

मीठ राहिलं तर काय बिघडतं? तीन गोष्टी होतात.

पहिली, वाटा बुजतात. मिठाचे खडे थरावर थर बसतात. त्यात खाडीचा बारीक गाळ मिसळतो. शिवाय तापलेल्या भागावर चुन्यासारखा पांढरा थर धरतो, चहाच्या भांड्याच्या तळाला धरतो तसा. मीठ गोड्या पाण्यात विरघळतं, हा चुन्याचा थर विरघळत नाही. म्हणून साचायच्या आधीच पाणी द्यायचं.

दुसरी, धातू खाल्ला जातो. आउटबोर्डचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियमवर आपोआप एक पातळ थर येतो, तो त्याला सांभाळतो. मिठातला क्लोराइड तो थर फोडतो आणि धातूला टोचल्यासारखे खड्डे पडतात. त्यात स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवलेले. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हटलं की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. बोल्ट जाम होतात. मेकॅनिक पाना लावतो आणि बोल्टचं डोकं तुटून हातात येतं, ते याच्यामुळे.

तिसरी, थर्मोस्टॅट अडकतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी गरम झाल्यावर आपोआप उघडणारं छोटं झाकण, साधारण पन्नास-साठ अंशांच्या आसपास उघडतं. त्यात मीठ बसलं तर ते अर्धवट उघडतं किंवा उघडतच नाही. मग इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो.

आणि हे सगळं इंजिन चालू असताना होतं असं समजू नका. जास्त नुकसान ते पडून असताना होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होतं? मिठाला पाणी सुटतं. मीठ हवेतला ओलावा खेचून घेतं. इंजिनातलं मीठही तेच करतं. तुम्हाला वाटतं इंजिन छपराखाली कोरडं ठेवलंय. आत ते ओलंच असतं, आणि ओलं मीठ दोन महिने धातू चावत बसतं. १ जूनला मासेमारी बंदी लागते, इंजिनं उतरवून घरी आणतात, ताडपत्री टाकतात. नारळी पौर्णिमेला दोरी ओढतात तेव्हा कळतं.

आमच्याच वाडीत असं झालं. दोन महिने ठेवलेलं इंजिन, दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू झालं, सगळे खूश. धार बारीक होती, पण "गाळ असेल, जाईल" म्हणून सोडून दिलं. खाडीच्या मुखाशी पोचेपर्यंत धार बंद झाली आणि थोड्या वेळात इंजिनाने जीव सोडला. सुकती लागलेली, पाणी बाहेर ओढतंय, समोर मुखावर लाटा फुटतायत, होडीत तिघं. नांगर धरला म्हणून वाचले. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. मेकॅनिकने इंजिन खोललं तेव्हा पाण्याच्या वाटा मीठ आणि गाळाने बुजलेल्या होत्या.

नांगर धरला नसता तर काय, याचा विचार करा. म्हणून मी म्हणतो, हा फक्त पैशाचा विषय नाही. पैशाचा आहेच, साधं १० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिनसुद्धा आज लाखाच्या वर जातं. पण बंद पडलेला पंप शेतात बंद पडतो, माणूस घरी चालत येतो. बंद पडलेलं इंजिन पाण्यात बंद पडतं. त्यात कोणाची पोरं बसलीत, कोणाची बाळंतीण बसलीय, हे भरती-ओहोटी बघत नाही.

आता धुवायचं कसं ते सांगतो. कंपनीच्या पुस्तिकेत तुमच्या मॉडेलचं नीट दिलेलं असतं, ती पुस्तिका बिलाबरोबर फाइलमध्ये ठेवून देऊ नका, वाचा. न वाचणाऱ्यांसाठी आमची पद्धत ही.

पिंपाची पद्धत. लहान इंजिनाला ही सगळ्यात बरी.

१. २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप घ्या, वरून तोंड कापलेलं. बाजूला लाकडाची भक्कम घोडी करा आणि इंजिन तिला पक्कं आवळा, खालचा भाग पिंपात जाईल असं.

२. आधी बाहेरचा गाळ, शेवाळ पुसून घ्या, नाहीतर पिंपातलं पाणी तिथेच खराब होतं.

३. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चार बोटं वर येईपर्यंत भरा. साधारण १२० लिटर लागतं. पाणी भरल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, "जरा बघूया" म्हणूनही नाही. कोरड्यात रबराचा इम्पेलर काही क्षणांत करपतो.

४. गिअर न्यूट्रलमध्ये. पंखा काढता आला तर काढा. सैल कपडे, पदर, लहान पोरं लांब. इंजिन बंद करायची दोरी मनगटाला.

५. सुरू करा आणि मंद वेगावर १० मिनिटं चालू द्या. इंजिन गरम झालं तरच थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी सगळीकडे पोचतं. दोन मिनिटांत बंद केलं तर अर्धं इंजिन खारंच राहतं. रॉकेलवर चालणारं इंजिन असेल तर धुताना पेट्रोलवर घ्या.

६. धारेवर नजर ठेवा. धार कोमट असली तर ठीक. कढत झाली, वाफ आली किंवा तुटली तर लगेच बंद. धारेचं भोक बारीक तारेने साफ करून बघा.

७. बंद केल्यावर इंजिन उभं ठेवा, पाणी सगळं निथळू द्या. आडवं टाकलं की पाणी आत अडकतं.

हे सगळं उघड्यावर. पडवीत किंवा बंद खोलीत इंजिन चालवू नका. त्या धुराला वास कमी असला तरी तो माणूस मारतो.

धक्क्यावर नळ आणि दाब असेल तर दुसरी पद्धत. जाळीवर दोन्ही बाजूंनी बसणारे रबरी कान मिळतात, त्यांना पाइप जोडायचा. आधी नळ सोडायचा, मग इंजिन सुरू करायचं. बंद करताना उलटं, आधी इंजिन, मग नळ. नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांना बाजूला पाइप जोडायची वेगळी जागा दिलेली असते. बऱ्याच मॉडेलला तिथून पाणी देताना इंजिन बंद ठेवायचं असतं, कारण खालचा पंप कोरडा राहतो. ते मात्र पुस्तिकेत बघूनच करा.

तिसरी पद्धत फुकटची. पावसाळा संपता संपता खाडीच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी गोडं असतं. तिथवर जाऊन होडी १० मिनिटं चालवली की काम झालं. पण इथे एक फसगत आहे. खारं पाणी जड, गोडं हलकं. वर गोडं, खाली खारं असे दोन थर होतात. तुम्ही ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावता, गोडं लागतं, खूश होता. इंजिनाची जाळी मात्र दीड-दोन फूट खाली असते. म्हणून बाटलीला दोरी आणि दगड बांधा, खाली सोडा आणि तिथलं पाणी चाखा. आणि पुराचं लाल पाणी असेल तर हा उद्योग करू नका, मिठाच्या जागी माती भराल.

आता मुख्य भांडणाकडे येतो.

मागच्या मे महिन्यात शेजारची वहिनी मला पिंप भरताना बघून म्हणाली, "भावोजी, हय पिऊक पाणी नाय आणि तुमी इंजिनाक आंघोळ घालतास?"

तिचं चुकीचं नाही. एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्यावरच्या विहिरी तळाला जातात, काही मचूळ होतात. पाणी भरायला जाते ती बाई. इंजिन चालवतो तो पुरुष. हंडा तिच्या कमरेवर आणि पाणी इंजिनात, हे कोणालाही खटकणारच. "इंजिन धुवा, धुवा" असं सांगणारे लोक बहुतेक नळाखाली उभे राहून सांगतात. आमच्याकडे पाण्याचा हिशोब मांडल्याशिवाय हे सांगता येत नाही.

म्हणून हिशोब मांडतो. समजा एका लहान इंजिनाच्या आत लिटरभर खारं पाणी अडकलं. त्यात मीठ ३५ ग्रॅम. ते १२० लिटर पिंपात मिसळलं तर लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. चार इंजिनं एकामागून एक धुतली तरी १४० ग्रॅम, म्हणजे लिटरला सव्वा ग्रॅमच्या आत. समुद्राच्या मानाने तिसाव्या हिश्श्याएवढं. म्हणजे एका पिंपात चार इंजिनं आरामात धुतली जातात. प्रत्येकाच्या वाट्याला ३० लिटर, दोन हंडे समजा. टू-स्ट्रोकचा तवंग जाड झाला, पाणी काळं पडलं किंवा फार तापलं तर आधी बदला.

पण हे कधी होईल? चौघं एकत्र आले तर. वाडीत एक पिंप, एक घोडी, संध्याकाळची एक वेळ. आपण भातलावणीला एकमेकांच्या शेतात जातो, मग चार घरांचं एक पिंप का होत नाही? प्रत्येकाने स्वतःचं पिंप भरायचं म्हटलं तर वहिनीचं बरोबर आणि आपलं चूक.

आणि ज्या पाण्याला आपण इंजिनासाठी वापरतो ते पिण्याच्या विहिरीचंच हवं असं कुठे आहे? बागेच्या विहिरीचं, तळीचं, जिभेला खारट न लागणारं कुठलंही स्वच्छ पाणी चालतं. धुऊन झालेलं पाणी मात्र माडाच्या आळ्यात ओतू नका. माड थोडं खारं सोसतो, पण त्या पाण्यात तेल असतं. विहिरीच्या आणि खाडीच्या काठालाही नको. जाड कापडाने तवंग टिपून घ्या आणि पाणी विहिरीपासून लांब खड्ड्यात जिरवा.

आणखी एक. खरोखरच पाणी नसेल, मे महिन्याचा शेवट असेल, तर काय करायचं? पुस्तिका म्हणते प्रत्येक वापरानंतर धुवा, आणि तेच बरोबर. पण निवड करायचीच वेळ आली तर माझं मत असं, उद्या सकाळी पुन्हा होडी जाणार असेल तर आज एक वेळ चालवून घ्या. पण उद्या इंजिन चालणार नसेल तर आज धुतल्याशिवाय ठेवू नका. ओलं मीठ उद्याच्या पाण्याबरोबर बरंचसं निघून जातं. सुकलेलं मीठ बसतं. आणि हंगाम संपताना शेवटचं धुणं कधीही, कशासाठीही चुकवायचं नाही.

लोकांच्या इतर सबबी पण ऐकल्यात. "रोज खाऱ्यातच जाऊचा असा, मग धुवून काय फायदो?" अरे बाबा, बोर्डो मारून झाल्यावर फवारणीचा पंप धुतोस की नाही? मोरचूद पंपाची नळी आणि नोझल खातं हे तुला माहिती आहे. उद्या पुन्हा बोर्डोच मारायचाय म्हणून कोणी पंप न धुता ठेवत नाही. मग पाच-सात हजारांच्या पंपाला जी अक्कल वापरतो ती लाखाच्या इंजिनाला का नाही?

दुसरी सबब, "माझं इंजिन सात वर्षं न धुता चाललं." चाललं असेल. न खत घालता माडही जगतो. किती नारळ देतो ते बघा. आणि ते इंजिन एकदा खोलून बघायला सांगा, मग बोलू.

तिसरी, "मेकॅनिक वर्षातून एकदा सगळं करतो." मेकॅनिक जे झालंय ते दुरुस्त करतो. बसलेला चुना काढायला त्याला आम्ल वापरावं लागतं, जाम बोल्ट गरम करावे लागतात. ते रोजच्या १० मिनिटांपेक्षा महाग पडतं.

मात्र हेही सांगतो, नुसतं धुऊन सगळं भागत नाही. पाणी सगळ्या रोगांचं औषध नाही. इंजिनाला खाली जस्ताचा किंवा तत्सम धातूचा एक ठोकळा लावलेला असतो, त्याला ॲनोड म्हणतात. तो स्वतः झिजतो आणि इंजिनाला वाचवतो. तो अर्धा झिजला की बदलायचा, आणि त्याला रंग लावायचा नाही. रंग लावला की तो नुसता शोभेचा. आमच्याकडे होडीला रंग देताना हौसेने त्यालाही रंग देणारे आहेत. गिअरचं ऑइल वर्षातून एकदा तरी बदला. काढलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी आत गेलंय असं समजा. पंख्यामागे जाळ्याची तंगूस गुंडाळून सील कापते, म्हणून पंखा काढून तिथे बघत जा आणि ग्रीस लावून बसवा. इम्पेलर रबराचा आहे, तो म्हातारा होतो, वर्ष-दोन वर्षांनी बघून बदला. वरचं झाकण उघडून आत पाण्याचा फवारा मारू नका, तिथे वायरिंग आहे. ओल्या फडक्याने पुसा, सुकवा, गंज न लागणारा स्प्रे मारा.

आणि इंजिन चुकून समुद्रात पडलंच, तर काढून उन्हात वाळत टाकू नका. हवा लागली की गंज पळत सुटतो. गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि मेकॅनिक त्याच दिवशी मिळत नसेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण बरोबर आहे.

आता शेवटी गावाच्या कामाबद्दल.

किनाऱ्यावर जेट्ट्या होतायत, चांगलं आहे. पेव्हर ब्लॉक बसतात, रंगीत कठडे होतात, बसायला बाकडी येतात, सोलरचे दिवे लागतात. पर्यटकांना फोटो काढायला छान. पण ज्याच्यासाठी जेटी, तो होडीवाला तिथे येतो तेव्हा त्याला लागणारं गोडं पाणी तिथे नसतं. मग तो ४० किलोचं इंजिन खांद्यावर टाकून घरापर्यंत नेणार आहे का? नेणार नाही. ताडपत्री टाकून जाणार. यात त्याचा आळस किती आणि सोयीचा अभाव किती, हे मोजायला हवं.

यावर उपाय मोठा नाही. आपल्या सिंधुदुर्गात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होतं. जेटीवरच्या साध्या २० चौरस मीटरच्या शेडवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर २००० लिटर. जुलैमध्ये एवढा पाऊस कधी कधी एका दिवसात होतो. ५००० लिटरची झाकणाची टाकी पावसाळ्यात कितीदा तरी भरेल. पावसाभर वापरा आणि ऑक्टोबरला भरून, झाकून, कुलूप लावून ठेवा. दिवसाला एक पिंप १२० लिटर धरलं तर ५००० लिटर ४० दिवस पुरतं. म्हणजे एप्रिलच्या वीस-बावीस तारखेपासून मे अखेरपर्यंत, नेमकं जेव्हा विहिरीचं पाणी बाईला पुरत नाही तेव्हा. शिवाय पावसाच्या पाण्यात चुना नसतो, इंजिनाला त्याच्यासारखं पाणी नाही.

एक शेड, एक पन्हळ, एक टाकी, एक पिंप, एक लाकडी घोडी. आराखड्यात कठड्याच्या रंगाला पैसे असतात तर याला का नसावेत? पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ठरावात असंही लिहायला सांगणार आहे की टाकीची चावी आणि वापराची वही महिला बचत गटाकडे राहील. पाण्याची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते, आणि कोणी टाकीच्या पाण्याने मोटारसायकल धुवायला लागला तर त्या त्याला सोडणार नाहीत.

ज्यांच्या गावात खाडी आहे, धक्का आहे, त्यांनीही हा विषय आपापल्या ग्रामसभेत न्यावा. तोपर्यंत टाकीची वाट बघत बसू नका. चार शेजारी गोळा करा, एक पिंप आणा. बंदी लागायच्या आधी प्रत्येक इंजिन १० मिनिटं गोड्या पाण्यात चालवा, निथळवा, पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवा आणि मगच ताडपत्री टाका.

तुमच्या जेटीवर पाण्याची सोय असेल तर ती कोणी केली, खर्च कुठून झाला, देखभाल कोण करतं, ते मला नक्की कळवा. ग्रामसभेत दाखवायला उपयोगी पडेल.